वामनने भांडे का ओतले

एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला आहे, तेव्हा तो प्रश्न आधी स्वच्छ मांडते. माझा धाकटा भाऊ वामन मुरबाडला गुरांचा डॉक्टर होता. लढाई सुरू होण्याच्या थोडे आधी त्या तालुक्यात गुरे मारणाऱ्या बुळकांडीची साथ आली. सरळगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात गुरे टोचण्यासाठी रांगेत उभी असताना त्याने लशीचे भांडे सर्वांदेखत भुईवर ओतून दिले. त्याच्या क्षणभर आधी वरच्या वाडीतल्या एका बाईचा हात त्या भांड्यावरच्या फडक्याला लागला होता. वामनने ते विटाळ मानून ओतले काय, हा तो प्रश्न. गावाचे नाव मी लिहीत नाही. माणसे हयात आहेत आणि त्यांना माझ्यामुळे उगाच त्रास नको.

वामन जाऊन आता महिना उलटला आहे. बातमी आली तेव्हा मी शाहापूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत फळ्यावर भागाकार मांडत होते. त्याच्या दवाखान्यातला शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि टोपी काढून हातात धरली. मला कळायचे ते कळले. खरे सांगावयाचे तर पहिल्यांदा दुःख झाले नाही, संताप आला. छातीत कफ धरलेला, अंगात ताप, आणि हा गृहस्थ थंडीच्या दिवसांत नदीपलीकडे कोणाची तरी अडलेली म्हैस सोडवावयास गेला होता! त्याच्या पंधरवडाभर आधी माझ्याकडे आला होता तेव्हा मी त्याला बजावले होते, "वामन, आठ दिवस घराबाहेर पडू नकोस." त्यावर त्याने चुलीवरून उतरवलेल्या दुधाकडे बोट दाखवून विचारले, "ताई, हे दूध तू कशाने गाळतेस?" माझ्या बोलण्याला दिलेले त्याचे हे शेवटचे उत्तर.

समाचाराला पुष्कळ माणसे आली. ज्या गावाची ही गोष्ट आहे तिथले सदाशिव पाटील बैलगाडी जोडून मुद्दाम शाहापुरापर्यंत आले. म्हातारे झाले आहेत, पण आवाज अजून गुरे वळणाऱ्याचा. चहाची बशी हातात धरून म्हणाले, "मास्तरीणबाई, डाक्तर म्हंजे देवमानूस. आमची ढोरं जगली ती त्याच्यापायी. नि वर रीतभात सांभालनारा."

"रीतभात म्हणजे?"

"विटाल मानायचा ना! भागीचा हात लागला नि भांडा भुईवर. अख्ख्या गावानं बघितलं. आमी तवाच बोललो, शिकला तरी धर्म नाय सोडला."

हे त्यांनी स्तुती म्हणून सांगितले! चहा संपवला, बशी पालथी घातली आणि गेले. मी मात्र तिथेच बसून राहिले, कारण "नाही हो, वामन तसा नव्हता" हे वाक्य माझ्या तोंडातून निघाले नव्हते. निघावे कसे? आमच्या घरात विटाळ पाळला जात असे. आई असेपर्यंत मीही पाळला. वामनने तो केव्हा सोडला, मुळात सोडला की नाही, हे मला ठाऊक नव्हते. फडक्यांवर तो तासभर बोले. स्वतःविषयी विचारले की गप्प... अशा माणसाची बहीण असण्यात फार गैरसोय असते.

आता ही फडकी काय, ते समजावून सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे कळणार नाही. बुळकांडीवर त्या काळी जी लस वापरत, ती बकरीच्या पाणथरीपासून, म्हणजे प्लीहेपासून, करीत. रोगाचे बीज बकरीच्या अंगातून फिरवले की ते मवाळ होते. बैलाला टोचले तर थोडा ताप येतो, पण पुढे बुळकांडी त्याला धरीत नाही. ते बीज पाणथरीच्या मऊ गरात भरलेले असते. परंतु पाणथरी म्हणजे नुसता गर नव्हे. तिला वरून चिवट साल असते आणि आतून बारीक तंतूंचे जाळे असते, दोडक्याच्या शिरांसारखे. गर हवा, तंतू नकोत. तंतू सुईत अडकतात, आणि एखादा गेलाच बैलाच्या मानेत, तर तिथे गाठ धरते, पू होतो. खांद सुजलेल्या बैलावर जू ठेवता येत नाही. म्हणून पाणथरी खलात घोटायची, उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्यात कालवायची, प्रथम पितळी तारेच्या चाळणीतून काढायची आणि मग उकळून वाळवलेल्या दुपदरी मलमलीतून गाळायची. फडके सैल विणीचे असेल तर तंतू उतरतात. घट्ट विणीचे असेल तर गरच वर राहतो आणि खाली नुसते लालसर पाणी येते. त्यात जोर नसतो. हे सर्व ज्या गावी टोचायचे तिथेच करावे लागे, कारण पाण्यात कालवलेले औषध उन्हात फार काळ टिकत नाही. पाणथरी बर्फात ठेवून न्यायची आणि देवळाच्या नाहीतर शाळेच्या ओसरीवर बसून गाळायची, अशी पद्धत.

तेव्हा योग्य विणीचे कापड शोधणे हा वामनचा ध्यास झाला, आणि त्याचा ताप आम्हाला. तो घरात आला की आधी पडद्यांकडे पाही. मी नवे पातळ नेसले तर "छान दिसतेस" हे त्याच्या तोंडून कधी आले नाही. पदर उजेडाकडे धरून, खिशातले भिंग डोळ्याला लावून म्हणायचा, "ताई, ही वीण कुठली? धुतल्यावर आटते का?" एकदा माझ्या मलमलीच्या ओढणीचा कोपरा चौकोनी कापून नेला आणि वर निरोप धाडला, "फार सैल निघाली, पुढच्या वेळी नीट पाहून घे." शाळेच्या बक्षीससमारंभाला त्याला पाहुणा म्हणून बोलावण्याची चूक मुख्याध्यापिकांनी केली आणि मुलींचे स्वागतगीत चालू असताना हा व्यासपीठावरच्या पडद्याचे सूत मोजत होता. पुढे लढाईत कापडाचा कंट्रोल आला, धोतरजोडीसाठी माणसे दिवस दिवस उभी राहू लागली, तेव्हा त्याच्या घरी चांगल्या मलमलीचे तुकडे पत्र्याच्या डब्यात उकळून ठेवलेले असत आणि हा स्वतः गुडघ्यावर ठिगळ लावलेल्या पाटलोणीत फिरे. मी रागावले तर म्हणे, "माझ्या पाटलोणीतून काही गाळायचं नाही."

पाटील गेल्यावर मी ठरवले, की पाहणाऱ्या गावाला विचारून भागणार नाही. जिचा हात लागला तिलाच विचारले पाहिजे. रविवार गाठून मी तिकडे गेले. भागी आता पन्नाशीच्या पुढची आहे. नवरा लवकर गेला. डोंगरउतारावरची नाचणी-वरी आणि खालचा एक भाताचा तुकडा तिने एकटीने केला. मी कोण हे सांगताच तिने घोंगडी झटकून अंथरली, पण पाणी पुढे केले नाही. दाराशी उभी राहून मला निरखीत राहिली.

मी म्हटले, "भागीबाई, तहान लागली आहे."

"आमच्यातला चालल?"

"चालेल."

"भावाला आमचा हात नाय चालला."

पाण्याचा तांब्या मी एका दमात रिकामा केला, तेव्हा ती समोर बसली. तिने जे सांगितले ते असे. त्या दिवशी गावची गुरे पुढे आणि वाडीची मागे अशी रांग होती. तिची तांबड्या-पांढऱ्याची जोडी अगदी शेवटी. शेजारच्या गावात बुळकांडीने गोठे रिकामे होत होते, हे तिला ठाऊक होते. औषध ओसरीवर गाळत ठेवलेले, फडके भांड्याच्या तोंडाला बांधलेले, त्यातून थेंब थेंब उतरत होते. एक भांडे संपले, हे दुसरे आणि शेवटचे. डॉक्टर एका माजलेल्या खोंडाला धरावयास खाली गेला होता.

"माझ्या बैलांपर्यंत पुरनार नाय, हा दिसतच व्हता. नि वर फडक्यात केवढा तरी तसाच बसलेला! आमी नाचनीचा दूध काढतो, तर चोथा कोरडा होईस्तोवर पिळतो. टाकवतो व्हय काय? मी आपला फडका सोडला नि दिला पिळून. भसाभसा उतरला गो. म्हटला, झाला, माझ्या तांबड्याचा काम झाला. तवर ह्यो आला. भांड्याकडं बघितला, माझ्या हाताकडं बघितला. एक शबूद नाय. उचलला नि ओतला. खाली माणसं बोलली, 'वाडीवालीनं शिवला, दुसरा काय होनार!' ह्यो ऐकत व्हता. तरी एक शबूद नाय."

"मग?"

"मग दुसरी बकरी करून चवथ्या दिवशी आला परत. तवर तांबड्या पडला व्हता. डोळं गळत व्हतं, तोंड फुटला व्हता. पांढऱ्या वाचला. एका बैलाचा नांगर कसा धरायचा, सांगा तुमी."

मी शाळेत शिकवते. नुसत्या शब्दांनी मी कोणाचे समाधान करू शकत नाही, दाखवून मात्र देऊ शकते. हात लागला म्हणजे फडके पिळले गेले असावे, असा मला एका जुन्या अनुभवावरून संशय होता; म्हणून येताना मी वामनच्या डब्यातली मलमल, शाळेतले दोन काचेचे पेले आणि त्याची एक पिचकारी सुईसकट बरोबर घेतली होती. बकरीची पाणथरी कुठून आणणार? पण भागी नाचणीचे दूध काढते हे तिनेच सांगितले. घरात भिजवलेली नाचणी होती. तिने ती पाट्यावर वाटली, पाण्यात कालवली आणि आम्ही ती दोन फडक्यांत निम्मी निम्मी घातली. एक फडके पेल्याच्या तोंडाला बांधून ठेवून दिले. दुसरे हातात घेऊन मी पिळू लागले, तर तिने ते माझ्याकडून काढून घेतले.

"तुमी खडू धरा. हा माझा काम."

तिने असे पिळले, की फडक्यात भुसा राहिला. तिचा पेला भरला. माझा अर्ध्यावरही नव्हता. ती विजयाने म्हणाली, "बघा, माझा केवढा नि तुमचा केवढा! शिवाय माझा दाट. दाट म्हंजे ताकदीचा."

"थोडा वेळ निवळू दे," मी म्हटले.

आम्ही बोलत बसलो. काही वेळाने माझ्या पेल्याच्या तळाशी पांढरा साका बसलेला दिसला. तिच्या पेल्यात पांढऱ्यावर तपकिरी कोंड्याचा जाडसर थर होता. तिने त्यात बोट घातले, दोन बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाली, "कचकच लागतो." मग दोन्ही पेले ढवळून मी पिचकारी तिच्या हाती दिली. माझ्या पेल्यातले दूध तिने सहज ओढून घेतले आणि जोरात दाबून कोंबडीवर उडवले. तिच्या पेल्यातले मात्र सुरुवातीला जरा आले आणि दट्ट्या अडकला. तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिले. सुई काढून उजेडाकडे धरली. आत कोंडा बसला होता.

सुई तिने घोंगडीवर टाकली. मग माझ्यावर ओरडली, "मग ह्यो सांगाया काय झाला व्हता गो त्याला? तोंड शिवला व्हता?"

शिक्षिका म्हणून सर्वांत जास्त चीड मला याचीच येते. दोन वाक्यांचे काम होते. तंतू सुईत अडकतात, हे एक वाक्य. दुसरे असे, की गुरे हाकून आलेल्या कोणाच्याही हाताला शेण असते, आणि शेणाचा हात लागलेले औषध बैलाच्या मानेत पू करते. तंतू पुन्हा गाळून निघतील, ही घाण गाळून निघत नाही. ओसरीवरून खालच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने एवढे बोलावयास हवे होते. नाही बोलला! त्याला वाटले असणार, की कारण इतके उघड आहे, सांगण्याची गरजच काय... माणसांना काय उघड दिसते हे त्याला कधी कळलेच नाही. गावाला विटाळ दिसला, कारण गाव विटाळच पाहत आले होते.

तेव्हा मी भागीला माझी गोष्ट सांगितली. वामन नुकताच मुरबाडला रुजू झाला तेव्हा मी त्याचे घर लावावयास गेले होते. दवाखान्याच्या मेजावर फडक्यातून काही थेंब थेंब गळत होते. मी हात धुऊन आले होते. गड्याचा वेळ वाचेल म्हणून फडके धरून पिळले. वामन आला, त्याने भांडे उचलले, मोरीत ओतले आणि मला म्हणाला, "ताई, तू भूगोल शिकव."

भागीचा पदर तोंडाला गेला. "तुमचा बी ओतला? सख्ख्या भनीचा?"

"माझासुद्धा."

"आन् नुसता ओतला नाय, वर बोलला बी!" ती हसू लागली ती थांबेना. "माज्याशी तरी गप ऱ्हायला." मग डोळे पुसून एकदम शांत आवाजात म्हणाली, "तरी तांबड्या माझा गेलाच ना, बाय."

"गेला," मी म्हटले.

आता मूळ प्रश्नाकडे. भागीचा हात लागला म्हणून वामनने लस ओतली, हे खरे आहे. तो हात वाडीचा होता म्हणून ओतली, हे खरे नाही. हात कोणाचा हे तो पाहत नसे. गावाने जे पाहिले त्याचा अर्थ गावाने चुकीचा लावला, असे माझे मत झाले आहे. परंतु इथे थांबले तर मी भावाची वकिली केल्यासारखे होईल. गावची गुरे पुढे आणि वाडीची मागे, ही रांग कोणी लावली होती? ती वामनने लावली नव्हती. आल्यावर ती दिसली तशीच त्याने चालू दिली. मलमलीच्या प्रत्येक सुताकडे भिंगातून पाहणाऱ्या माणसाने ओसरीवरून एकदा मान वर करून त्या रांगेकडे पाहिले असते, तर भागीची जोडी पहिल्याच भांड्यात टोचून झाली असती आणि तिला फडके पिळावे लागले नसते. विटाळ त्या दिवशी तिथे होताच. तो भांड्यात नव्हता, रांगेत होता. वामनला तो दिसला नाही. हा त्याचा दोष मी लिहून ठेवते. तो असता तर माझ्याशी भांडला नसता, फक्त दुधाविषयी काही विचारले असते, आणि मी पुन्हा चिडले असते.

लस ओतली नसती तर तांबड्या वाचला असता काय? हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पिळलेले औषध कदाचित सुईतून उतरलेच नसते, किंवा उतरून गळू धरले असते. किंवा यातले काहीच न होता बैल तरला असता. भागी म्हणते तरला असता. मी तिला खोडून काढलेले नाही, कारण माझ्याजवळ पुरावा नाही.

पाटलांना मी हे सर्व निरोपाने कळवले आहे. त्यांचे उत्तर आले, "बहीनच ती, भावाची बाजू घेनारच." त्यांचे म्हणणे रास्त आहे. मी बहीण आहे, आणि माझा प्रयोग एका घरात, एकदाच, नाचणीवर झालेला आहे. म्हणून वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. मूठभर नाचणी भिजवून वाटावी. एकाच कापडाचे दोन तुकडे उकळून घ्यावेत. एका तुकड्यातले आपोआप उतरू द्यावे, दुसऱ्यातले हाताने पिळावे, आणि दोन काचेच्या पेल्यांत निवळू द्यावे. पिळणारा हात घरातल्या कोणाचाही चालेल; शक्य तर वेगवेगळ्या माणसांच्या हातांनी, आळीपाळीने करून पाहावे. कोंडा हातागणिक बदलतो, की कोणीही पिळले तरी उतरतो, एवढे नीट पाहावे, आणि माझे चुकले असेल तर तसे मला कळवावे.